जेसीबीचे दात काढणाऱ्या बाई

बाई आल्या त्याच दिवशी त्यांनी जेसीबीचे दात काढायला लावले.

आमचा जेसीबीवाला दत्ता बकेट उचलून चर मारायच्या तयारीत होता. बाईंनी स्कूटर भिंतीला टेकवली, सरळ बकेटसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि तिच्या लोखंडी दातांकडे बघत म्हणाल्या, "यांना आत घेता येणार नाही." दत्ताला काही कळेना. मग बाईंनी समजावलं. दातांनी माती फाटते, आणि फाटलेल्या मातीत काही दिसत नाही. सपाट पात्याची बकेट लावली की माती सोलली जाते, काकडीसारखी. दत्ता कुरकुरत दहिवडीला गेला आणि सपाट बकेट घेऊन आला. त्यानंतर भेटेल त्याला सांगत राहिला, "माझं मशीन म्हातारं केलं रं बाईंनी. आता फकस्त पेज खातंय."

हे माण तालुक्यातलं एक गाव. गाव टेकडीच्या पायथ्याला आणि टेकडीवर गढी. गावाला पिण्याच्या पाण्याची योजना मंजूर झाली होती. टाकी उंचावर हवी आणि गावात उंच जागा एकच, ती गढीची. पण गढी सरकारी यादीतली जुनी वास्तू, त्यामुळं परवानगीबरोबर एक अट आली. खोदकाम चालू असेल तोवर पुरातत्त्वाचा जाणकार माणूस तिथं हजर पाहिजे. काही निघालं तर काम थांबवायचा अधिकार त्याचा.

तो जाणकार माणूस म्हणजे बाई. घर वाईला, पण आठवडाभर गावातल्या शाळेच्या एका खोलीत राहायच्या. पन्नाशी ओलांडलेली, उन्हानं रापलेली, उंचीनं बेताची बाई. डोक्याला पंचा, पायांत पुरुषी बूट. मला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या नाहीत.

याला कारण होतं. मी मूळची कुपवाडची. वडील कारखान्यात कामगार आणि युनियनचे कार्यकर्ते. घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर, आणि लिहायलाही त्यांच्यावरच. जगात दोन बाजू असतात आणि आपली कुठली ते आधी ठरवायचं, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. पाणी समितीची कार्यकर्ती म्हणून मी त्या गावात आले, तेव्हा गढीची बाजू कुठली ते मला न बघताच माहीत होतं. ज्या गावात बाया हंडे घेऊन उतारावरून जातात, तिथं कुणीतरी खापरांसाठी पाण्याचं काम थांबवू शकतं, याची मला चीड आली. आमच्याकडं इतिहास म्हटलं की घोडा, तलवार आणि कमान. हंडा त्यात कधी येत नाही.

मी पहिल्याच दिवशी बाईंना तोंडावर म्हणाले, "तुमच्यामुळं पाणी लांबलं तर मी गप्प बसणार नाही."

बाई म्हणाल्या, "बसू नकोस. पण उभी राहणार असलीस तर चराच्या काठापासून जरा मागं राहा. कड ढासळतेय."

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण माझा सगळा जीव तिच्यात अडकला होता. गढीच्या मागच्या भिंतीखाली मेंढपाळांची वस्ती होती. नकाशात नळाची लाइन टाकीतून निघून गढीच्या अंगणातून, पुढच्या दरवाजानं गावात उतरत होती. वस्ती तेवढी राहून गेली होती. राहून कसली गेली, वगळली होती. समितीचे अध्यक्ष आबा, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, गढीच्या मूळ घराण्यातले. मी विचारलं की ते मिशीवरून हात फिरवत सांगायचे, "आगं पोरी, ती मानसं चराईला आल्याली. आज हायेत, उद्या मेंढरं घिऊन जातील. गावचं पानी गावाला. त्येंचं पुढच्या टप्प्यात बघू. बिलकुल बघू."

पुढचा टप्पा म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक असतं.

वस्तीतली हौसाक्का चरावरच कामाला होती. जेसीबीनं काढलेली माती फावड्यानं पसरायची, म्हणजे बाईंना ती तपासता यायची. गावाच्या नळासाठी दिवसभर माती ओढायची आणि संध्याकाळी खालच्या विहिरीवरून हंडा वाहत वर यायचं. मी तिला म्हणाले, "अक्का, तुम्हाला राग येत नाही?" ती म्हणाली, "येतो की. पर रागानं हंडा हलका हुतोय व्हय?"

तर बाई. बाईंची दातांशी काहीतरी खास दुष्मनी आणि खास मैत्रीही होती. जेसीबीचे दात काढले, पण दात घासायचे ब्रश त्यांना हवे असायचे, तेही जुने, झिजलेले. खापरं धुवायला नवा ब्रश चालत नाही, तो ओरखडे काढतो. त्यामुळं गावात कुणाच्या घरी चहाला गेल्या की आधी विचारायच्या, "घरात निकामी ब्रश आहे का?" लोक ओशाळायचे. मग सवय झाली. पुढं पुढं तर माणसं आपणहून ब्रश आणून द्यायला लागली, आणि गावातल्या प्रत्येकाचे दात किती जोरात घासले जातात ते बाईंना कळायला लागलं. आबांचा ब्रश बघून म्हणाल्या, "आबा, हळू. हिरड्या आहेत त्या, बूट नव्हेत."

मातीच्या थरांबद्दल त्या आदरार्थी बोलायच्या. चराच्या कापलेल्या बाजूकडं बोट दाखवून सांगायच्या, "हे वरचे तांबूस, हे परवाचे. त्यांच्याखाली राखाडी बसलेत, ते बरेच आधी आले. आणि तळाला हे मुरमाड, हे कुणाच्याच आधीपासून आहेत." मातीतली पंगत उलटी असते म्हणायच्या. शेवटी आलेला सगळ्यात वर बसतो आणि पहिला आलेला दिसतच नाही.

शेंगा खायच्या, पण एक टरफल चरात पडू द्यायच्या नाहीत. पडलंच तर वाकून उचलायच्या. दत्तानं विचारलं, "आवं बाई, मातीत टरफल पडलं तर काय बिघडतंय?" बाई म्हणाल्या, "पुढं कधी कुणी इथं खणलं, तर त्याला वाटेल इथं शेंगांचा बाजार होता. आपल्यामुळं कुणी चुकीचं का लिहावं?"

'प्राचीन' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. शाळेचे गुरुजी एकदा म्हणाले, "हा प्राचीन दगड." बाईंनी विचारलं, "किती प्राचीन? तुमच्या आजोबांएवढा, की माझ्या स्कूटरएवढा?" बाईंनी दगड उलटा केला, तर खाली सिमेंट चिकटलेलं. "स्कूटरएवढा," बाई म्हणाल्या आणि दगड बाजूला ठेवला.

खोदकाम सुरू झालं तसा गावात सोन्याचा बोभाटा झाला. हंडे निघाले, बाईंनी स्कूटरच्या डिकीतून वाईला नेले, कुणी तर डिकी खाली दबलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. दुसरं कुणी असतं तर चिडलं असतं. बाईंनी जाहीर केलं की रोज काम संपल्यावर दिवसभराचा सगळा खजिना ताडपत्रीवर मांडला जाईल, ज्यांना बघायचंय त्यांनी यावं. पहिल्या दिवशी अर्धा गाव लोटला. ताडपत्रीवर खापरांचे तुकडे, गंजलेले खिळे, बकरीची हाडं आणि गुटख्याच्या पुड्या. पुड्यासुद्धा बाईंनी पिशवीत घालून वर चिठ्ठी लावली होती: वरचा थर.

"ह्यो खजिना व्हय?" कुणीतरी मागून म्हणालं.

"हा सगळा तुमचाच आहे," बाई म्हणाल्या. "पुड्या कुणाच्या ते सांगितलंत तर नावही लिहिते."

गर्दी दोन दिवसांत ओसरली. वस्तीवरच्या बाया मात्र येत राहिल्या. त्यांना काचेच्या बांगड्यांचे तुकडे बघायचे असायचे. हिरवे, पिवळे, एखादा काळा. हौसाक्का एकेक तुकडा उन्हात धरून म्हणायची, "ह्ये माप बघ. मनगाट बारीक हुतं बाईचं. पोटाला न्हवतं मिळत तिला." बाई ऐकायच्या, पण चिठ्ठीवर एवढंच लिहायच्या: बांगडीचा तुकडा, हिरवा. दिसलं तेवढंच लिहायचं, वाटलेलं लिहायचं नाही, हा त्यांचा नियम. मला तो भ्याडपणा वाटायचा.

मग खापराचा नळ निघाला.

दत्ता अंगणातली माती सोलत होता आणि बाई नेहमीप्रमाणं बकेटच्या पुढं, मशीनकडं तोंड करून, उलट्या पावलांनी चालत होत्या. एकदम त्यांनी हात वर केला. दत्तानं मशीन बंद केलं. बाई गुडघ्यांवर बसल्या, ब्रश काढला आणि मातीतून भाजलेल्या मातीचे गोल तुकडे दिसायला लागले. एकाच्या तोंडात दुसरा बसवलेला, चुन्यानं सांधलेला, सरळ रेषेत निघालेला नळ. डोंगराच्या झऱ्याचं पाणी गढीतल्या हौदात आणायला घातलेला.

मी ते पाहिलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा नळ आमच्या लाइनीच्या बरोबर वाटेत होता. बाईंनी नुसतं लिहिलं की हा फार महत्त्वाचा आहे, याला हात लावता येणार नाही, तर आमची लाइन अंगणातून जाऊच शकत नव्हती. ती मागच्या भिंतीबाहेरून न्यावी लागली असती. म्हणजे वस्तीच्या दारातून.

मी बाईंना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नळ चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण असे नळ या भागात ठिकठिकाणी निघतात. फोटो काढून, मापं घेऊन, लाइनीपुरते तुकडे उचलून ठेवता येतील. तसंच लिहिणार."

"एका वाक्याचा प्रश्न आहे, बाई."

"म्हणूनच."

"खाली माणसं तहानलेली आहेत."

"मला दिसतंय," बाई म्हणाल्या. "पण आज तुझ्यासाठी खोटं लिहिलं, तर उद्या कुणी घोड्यांची पागा लिहून मागेल. त्याला नाही कुठल्या तोंडानं म्हणू?"

मी तिथून निघाले ती तणतणत. गावातल्या माझ्या खोलीवर जाऊन पत्रक लिहिलं. मथळा होता, 'खापरांच्या पुजारणीला सवाल'. त्यात मी बाईंना गढीची दासी म्हटलं, खापरांना लोकांच्या उरावरचे दगड म्हटलं, आणि दहिवडीहून छापून आणून सकाळी गावभर वाटलं. एक प्रत बाईंच्या हातातही दिली. घाबरत नाही हे दाखवायला.

बाईंनी तिथंच उभ्यानं वाचलं. मग चहाच्या वेळी सगळ्या कामगारांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवलं, तेही इतकं रंगवून की मला माझीच वाक्यं जास्त जोरदार वाटायला लागली. दत्तानं टाळ्या वाजवल्या. हौसाक्का म्हणाली, "पुजारीण म्हटलंय तर परसाद तरी वाटा." बाईंनी शेंगा वाटल्या. मग पेन्सिल काढून मला म्हणाल्या, "पत्रक छान आहे. शेवट तर उत्तम. फक्त इथं तू लिहिलंयस, या नळाचं पाणी गढीबाहेर कधीच गेलं नाही. हे तुला कुणी सांगितलं?"

"दिसतंच आहे की."

"नाही दिसत. नळाचं भिंतीकडचं टोक आपण अजून उघडलेलं नाही." त्यांनी त्या ओळीखाली रेघ मारली, पत्रक घडी घालून पिशवीत ठेवलं आणि वर चिठ्ठी लावली: वरचा थर.

माझ्यावर कुणी रागावलं असतं तर मला लढता आलं असतं. ह्या बाईचं काय करायचं तेच कळेना.

तुकडे उचलायच्या आधी भिंतीकडचं टोक उघडायचं ठरलं. दत्तानं तोवर जेसीबी टाकीच्या पायाकडं वळवला, म्हणजे काम अडायला नको. बाई आणि हौसाक्का बसून हातानं माती काढत होत्या. मी रुसून बुरुजाच्या सावलीत. थोड्या वेळानं हौसाक्का म्हणाली, "बाई, ह्यो तुकडा येगळा हाय."

बाई कोपरांवर वाकून अगदी मातीला नाक लावून बघायला लागल्या. तेव्हा मीही उठून बघायला गेले.

सरळ चाललेल्या नळाला एका जागी बाजूनं भोक पाडलेलं होतं. त्या भोकात फुटक्या मडक्याची मान उलटी बसवलेली आणि भोवती चुना नव्हे, चिखल लिंपलेला. तिथून खडबडीत, वेगळ्याच मातीच्या तुकड्यांचा एक बारीक नळ निघून भिंतीच्या पायाखालून बाहेर गेला होता. वस्तीच्या दिशेनं.

बाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा जे काही होतं, ते मी नंतर कधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. शाळेला अचानक सुट्टी मिळालेल्या मुलीसारख्या दिसत होत्या. भिंतीला वळसा घालून पळत बाहेर गेल्या. पन्नाशीची बाई, पुरुषी बुटांत, पंचा उडालेला, पळत. भिंतीबाहेर, हौसाक्काच्या घराच्या वरच्या अंगाला, त्यांनी छोटा खड्डा घ्यायला लावला. तिथं दगडी डोण निघाली. लांबट, उथळ, मेंढरांची तोंडं पोचतील अशी. कड घासून गुळगुळीत झालेली.

त्या संध्याकाळी बाईंनी आबांना आणि समितीला बोलावलं. आधी आतला जोड दाखवला, मग सगळे भिंतीबाहेर डोणीच्या खड्ड्याच्या काठावर उभे. बाई आत उतरून दाखवत होत्या.

"आतला तो जोड मी बघितलेल्या कुठल्याच नळात नाही," त्या म्हणाल्या. "काल म्हणाले होते तुकडे उचलता येतील. आज म्हणते, नाही. जोड हलवला तर मोडेल. तो जागेवरच राहायला हवा, आणि तुमची लाइन अंगणातून जाऊ शकत नाही. मागच्या भिंतीबाहेरून न्या. दत्तानं उतार मोजलाय, पाणी खेळतं."

आबा खाली बघत होते. "ही डोन कुनाची?"

"ज्यांच्याकडं मेंढरं होती त्यांची. भिंतीच्या पायाचा जो थर तोच डोणीचा, म्हणजे भिंत बांधल्यानंतर फार दिवसांनी नाही. म्हणजे तेव्हापासून इथं मेंढरं होती आणि त्यांना पाणी पाजणारी माणसंही होती."

चराईला आलेली माणसं, आज आहेत उद्या नाहीत. हे वाक्य कुणीच उच्चारलं नाही, पण ते तिथंच खड्ड्यात पडलेलं सगळ्यांना दिसत होतं. आबांची मिशी जरा वेळ स्थिर राहिली. मग ती हळूहळू वर चढायला लागली.

"म्हंजी," आबा म्हणाले, "आमच्या थोरल्यांनी वस्तीला पानी दिलं हुतं."

बाई म्हणाल्या, "पाणी गेलं होतं. दिलं की घेतलं, ते खापरावरून कळत नाही."

"कळत न्हाई न्हवं? मग आमी सांगतो. दिलंच आसनार. आमच्या घराण्यात कुनाला पान्याला न्हाई म्हटल्यालं न्हाई." आबा आता ताठ झाले. सगळ्या समितीकडं वळले. "थोरल्यांनी दिलं आनि आमी तोडायचं? लाइन वस्तीवरनंच जाईल. आनि जाताना वस्तीला नळ दिऊन जाईल. फर्स्ट फेजमदी. ठराव लिवा."

माझ्या अंगातलं सगळं कुपवाड उसळून आलं. दिलं? चिखलानं लिंपलेलं चोरटं भोक, फुटक्या मडक्याची मान, आणि म्हणे दिलं? ज्या कुणी तहानलेल्या माणसानं तुमच्या नाकाखालून हे पाणी ओढलं, त्याचं शौर्यसुद्धा तुम्हीच खिशात घालणार? मी तोंड उघडलं. एवढ्यात बाईंनी खड्ड्यातून टेपचं टोक माझ्या हातात दिलं.

"जरा धर," त्या म्हणाल्या. "ताठ धर. हलवू नकोस."

मी टेप धरून उभी राहिले. ठराव लिहून होईपर्यंत बाई त्या एकाच दगडाचं माप घेत होत्या.

नंतर मी त्यांना म्हणाले, "चोरलेलंच होतं ना?"

"माहीत नाही."

"बाई, आपण दोघीच आहोत."

"दोघी असलो तरी माहीत नाही," बाई म्हणाल्या. आणि शीळ घालत ब्रश धुवायला गेल्या. बाई शीळ घालतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मी अजूनही पत्रकं लिहिते. आवाज खाली आलेला नाही आणि येऊही नये. फक्त छापायला देण्याआधी प्रत्येक वाक्यावर पेन्सिल ठेवून विचारते, हे दिसलं की वाटलं. निम्मी वाक्यं जातात. जी उरतात ती फार लागतात, असं ज्यांना लागतात तेच सांगतात.

उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी आलं. ठरल्यापेक्षा लांबलं नाही. वस्तीच्या नळाचं उद्घाटन आबांनीच केलं, फौजेच्या टोपीत, आणि भाषणात थोरल्यांच्या दानतीचं इतकं वर्णन केलं की मेंढरंसुद्धा मान वर करून ऐकत होती. बायांनी हंडे भरून घेतले. मग हंडे संपले तशा कळश्या आणल्या, घमेली आणली. दत्तानं जेसीबीवरची धूळ धुऊन घेतली.

जोडाचा खड्डा बाईंनी तेवढा उघडा ठेवला होता. त्यात आता वाळू भरायची होती, म्हणजे तो मातीखाली सुखरूप राहील. भरण्याआधी बाईंनी वस्तीवरच्या बायांना बघायला बोलावलं. बाकीच्या नळावर रमल्या होत्या, हौसाक्का एकटी आली. ओल्या हातांनी खड्ड्यात उतरली आणि त्या लिंपलेल्या चिखलाकडं बघत राहिली. चिखलात बोटांच्या खुणा होत्या, वाळून दगड झालेल्या. तिनं त्यांना हात लावला नाही. नुसता वरून आपला पंजा धरून बघितला, मापाला.

"बाईचा हात हाय ह्यो," ती म्हणाली. "रोज चूल सारवनाऱ्या बाईचा. आनि आवं, लय घाईत केलंय हिनं. कुनीतरी यायला लागलं आसंल."

बाईंनी वाकून त्या खुणा पुन्हा एकदा पाहिल्या. मग म्हणाल्या, "मलाही तसंच वाटलं होतं, अक्का. पण हे लिहिता येणार नाही."

"नका लिवू," हौसाक्का म्हणाली आणि पदराला हात पुसत वर आली. "आनि आबाला बी सांगू नगा. आपल्या थोरल्यानं दिलं म्हनतोय, म्हनूंद्या की. नळ चालू ऱ्हाईल."

बाईंनी वाळूचं पहिलं घमेलं स्वतः उचललं.